बाबांची पेटी

बाबांनी घेतलेली पेटी आमच्या लाखनीच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. कार्तिकात काकडआरतीला ते मला शेजारी बसवत आणि भाता माझ्या हाती देत. पट्ट्यांवर बोटं त्यांची, हवा माझी. हवा कमी पडली की सूर बसतो, हे मला सरगम येण्याआधी कळलं.

पुढे तीच पेटी घेऊन मी झाडीपट्टीच्या नाटकांत गेलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा मुलूख. दिवाळी झाली, गावोगावी मंडईची जत्रा भरू लागली, शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या निघतात, त्या होळीपर्यंत. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. दुपारच्या तालमीत चाल बसवायची, रात्री वाजवायची. तीनच्या सुमारास चादरी पांघरलेली माणसं पेंगू लागली की लय चढवायची. चाल जमली की नाही, ते समोरची शिट्टी सांगायची.

2020 ची होळी झाली, हंगाम आटोपला आणि 25 मार्चपासून देश बंद झाला. नागपूर-रायपूर महामार्ग आमच्या लाखनीतूनच जातो. त्या रस्त्यानं छत्तीसगडकडे माणसं पायी निघाली. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. ते पाहून पेटी उघडवेना.

पावसाळ्यात लाकूड फुगलं, पंचम अडकू लागला, म्हणून पेटी खोलली. पितळी पत्तीखाली पातळ कागद सरकवून धूळ काढली. भात्याच्या घडीतलं भोक चामड्याचा तुकडा चिकटवून बुजवलं. पंचम मोकळा झाला आणि हात आपसूक एका गाण्याकडे वळले. परगावी गेलेल्या लेकाची वाट पाहणाऱ्या आईचं ते गाणं. मंडपात ते चढ्या लयीत वाजे. आता रस्त्यावरच्या त्या माणसांना जसा दम लागायचा, तशी मी ओळ मध्येच तोडली. पुढची ओळ घेण्याआधी भाता पुरता भरेपर्यंत थांबलो. त्या थांबण्यात मला ती आई दिसू लागली. त्या एका चालीवर उरलेला पावसाळा गेला.

लॉकडाऊननं कलावंताला निवांतपण दिलं, असं काही जण म्हणतात. वेळ मिळाला, पण रोजी गेली. दिवाळी आली, मंडई भरली नाही. आमच्यातला ढोलकीवाला मजुरीनं धान कापायला गेला, राजाची भूमिका करणारा भाजी विकू लागला. उपाशीपोटी मिळालेल्या रिकाम्या वेळाला मी वरदान म्हणणार नाही.

मंडप पुन्हा उभे राहिले, तेव्हा ती चाल मी लोकांसमोर वाजवली. त्या रात्री शिट्टी आली नाही. पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. एकांतात चाल सुचते, पुरी होते ती ऐकणाऱ्यांसमोर.

2023 मध्ये गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आमच्या रंगभूमीचं नाव दिल्लीला पोचलं. पण ही रंगभूमी जगते ती तिकिटावर. येत्या दिवाळीनंतर आमच्याकडे या, तिकीट काढा आणि पहाटेपर्यंत बसा.