आमच्या मापाची सायकल

आमची उंची ६ फूट ५ इंच. हे वाक्य आम्ही आजवर इतक्यांदा उच्चारले आहे की ते आमच्या नावाचाच भाग झाले आहे. एस.टी.त गुडघे पुढच्या बाकाला टेकवून बसणे, जुन्या वाड्यांच्या दारांतून वाकून जाणे, फळ्याच्या फक्त वरच्या अर्ध्यावर लिहिणे, यांत आम्हांला कधी गैरसोय दिसली नाही. उंच माणसाला नम्रतेचा धडा दाराच्या चौकटीतच मिळतो, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत आलो. ही समजूत मोडली ती चाळिशी उलटल्यावर, एका सायकलीमुळे.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि आम्ही सायकल घ्यायचे ठरवले. जिला आमच्या पिढीने 'रेसर' म्हटले आणि आजची मुले 'रोड बाईक' म्हणतात, ती. खाली वळलेल्या हँडलाची, बारीक टायरांची. दुकानात होती त्यांतली सर्वांत मोठी फ्रेम ५६ सेंटिमीटरची होती. "सीट वर घ्यायची सर, झालं काम," दुकानदार म्हणाला. त्याचे म्हणणे आम्हांला पटले. सीट वर घेतली आणि पहाटे पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो.

तीन महिन्यांनी एके दिवशी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातातून निसटला. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाली होती. कारण पुढे कळले. सीट वर गेली, हँडल मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे अंगाचा भार पुढे झुकून तळहातांवर येत होता आणि तळव्याच्या कडेने या दोन बोटांकडे जाणारी नस दबत होती. शिवाय सीटची नळी मागे कललेली असते. सीट १० सेंटिमीटर वर घेतली, की ती सुमारे ३ सेंटिमीटर मागेही जाते. म्हणजे आम्ही जितके उंच होऊ पाहत होतो, तितके हँडल आमच्यापासून दूर जात होते. आणि नळी किती वर ओढावी यालाही मर्यादा असते. तशी खूण नळीवरच कोरलेली असते. आमच्या नळीची ती खूण केव्हाच उघडी पडली होती.

मग आम्ही, मास्तरांच्या सवयीप्रमाणे, अभ्यासाला लागलो. पायाचे माप घेण्याची रीत सोपी आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, एक जाडजूड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट वर दाबायचे आणि त्याच्या वरच्या कडेची उंची भिंतीवर मांडायची. घरात त्या जाडीचा ग्रंथ एकच सापडला, मोल्सवर्थच्या कोशाची पुनर्मुद्रित प्रत. मराठी शब्दांचे माप घेणाऱ्या त्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कोशाने आमच्या पायांचे माप सांगितले : ९४ सेंटिमीटर. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने प्रसिद्ध असलेला हिशेब असा की, या आकड्याला ०.८८३ ने गुणले म्हणजे पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. आमचे आले ८३ सेंटिमीटर. फ्रेमसाठी ढोबळमानाने ०.६५ ने गुणतात. उत्तर आले ६१.

६१ सेंटिमीटर म्हणजे बरोबर २४ इंच. हा आकडा पाहिला आणि वडिलांची काळी सायकल आठवली. आपल्याकडच्या साध्या सायकली २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये मिळत. वडिलांची २४ इंची होती. तिच्या नळीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत आम्ही सायकल शिकलो. लहानपणी जी आम्हांला अवाढव्य वाटली, तिच्यावर मोठेपणी आम्ही ताठ बसू शकलो असतो. पण तोवर ती भंगारात गेली होती.

आजच्या फ्रेमचे मात्र एवढ्या एका आकड्याने भागत नाही. वरची दांडी मागे उतरती झाल्यापासून सीटच्या नळीची लांबी फसवी ठरली आहे. पायडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे 'स्टॅक' आणि आडवे अंतर म्हणजे 'रीच'; हे दोन आकडे पाहिल्याविना दोन सायकलींची तुलना करू नये. एकाच्या 'लार्ज'मध्ये दुसऱ्याची 'एक्स्ट्रा लार्ज' बसते. उंच माणसाने पाहायचा तो स्टॅक; तो पुरेसा असेल तर हँडल आपोआप वर येते आणि हातांचा भार उतरतो.

आमच्या मापाची फ्रेम दुकानात का नसते, याचाही आम्हांला राग आला होता. पण राग धरावा तरी कोणावर? जगभरच्या उंचीचा शंभर वर्षांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे आणि डच पुरुषाची सुमारे १८२. दुकानदार सरासरीसाठी माल ठेवतो, आमच्यासाठी नाही. गंमत अशी की, उंचांच्या देशांतही गोष्ट पूर्ण सुटलेली नाही. पायडलचा दांडा पाच फुटी माणसाला साधारण १६५ मिलिमीटरचा मिळतो आणि साडेसहा फुटी माणसाला १७५चा. उंचीत दीड फुटाचा फरक, दांड्यात एक सेंटिमीटरचा! अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लेनर्ड झिन या कारागिराने उंच माणसांसाठी मुद्दाम फ्रेमा आणि २०० मिलिमीटरपर्यंतचे व त्याहून लांब दांडे घडवले. तो स्वतः साडेसहा फूट उंच आहे, हा योगायोग नव्हे.

आम्हांला कोलोरॅडो परवडणारे नव्हते. शिवाजी उद्यमनगर होते. लेथवर काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे सीटची नळी घेऊन गेलो आणि ती लांब करून मागितली. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली, मग आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "करून दीन की सर. पर भार सगळा सांध्यावर येनार. मोडली तर तुमी घाटात असनार, मी हितं. नळीचं माप वाढवून काय उपेग न्हाई, फ्रेमच तुमच्या मापाची बघा." पैसे मिळत असताना काम नाकारणारा माणूस खरे बोलत असतो. आम्ही परत आलो. पुढे पाच महिन्यांनी पुण्यात ६१ची एक जुनी स्टीलची फ्रेम मिळाली.

तिच्यावर प्रथम बसलो तेव्हा काही विशेष वाटले नाही, हेच विशेष होते. वाघबीळचा चढ संपेपर्यंत आम्हांला स्वतःच्या खांद्यांची, मनगटांची आठवणसुद्धा झाली नाही. आठवण झाली ती भलत्याच गोष्टीची.

दहा-बारा वर्षांपूर्वी भुदरगडकडच्या एका मुलाने महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी लेख दिला होता. त्यात एक वाक्य होते : 'सांच्याला म्हातारीनं कोरड्यास रांधलं.' आम्ही लाल शाईने ते 'संध्याकाळी आजीने कालवण केले' असे केले. पानभर असेच केले. मुलाने लेख परत नेला. "सर, हे माझं न्हाई वाटत," एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला प्रमाणभाषेचे महत्त्व सांगितले. ते खोटे नव्हते, प्रमाणभाषा लागतेच. पण आम्ही त्याला ५६ची फ्रेम दिली होती आणि सीट वर घ्यायला सांगितले होते. त्यानंतर त्याने आमच्याकडे काही लिहून दिले नाही. कुठे काय बधिर झाले, हे आम्ही विचारलेही नाही.

परवा त्याला फोन केला. तो आता गावाकडेच शिक्षक आहे. तो लेख अजून असेल तर जसाच्या तसा हवा आहे, असे म्हटले. तो हसला. "कवाच गेला वो सर तो. न्हाई ऱ्हायला." मग थोडे थांबून त्याने विचारले, "पर आज का आठवन झाली?"

सायकलीचे सांगितले असते तर त्याला थट्टा वाटली असती. "असंच," आम्ही म्हटले.