ठमाबाईचा हिवाळा

ठमाबाई आमच्याकडे टपालाने आली. अमेरिकेत एका दिवसाची पिल्लं 1918 पासून पोस्टाने पाठवता येतात. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून निभावून नेतं. 2014 च्या वसंतात पोस्टातून फोन आला, तुमचा खोका चिवचिवतोय, तेवढा घेऊन जा. कराडकडे सगळा जन्म डालग्याखाली कोंबड्या झाकण्यात गेलेली माझी आई म्हणाली, "आमच्याकडं मनीऑर्डर यायला आठवडा लागायचा, आन् हितं कोंबडी येती पोष्टानं!"

खोक्यातल्या पिल्लांत हे सगळ्यात काळं आणि थोराड होतं. जात जर्सी जायंट. आपण जर्सीत राहतो तर कोंबडीही इथलीच असावी, एवढाच माझा हिशेब. न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन परगण्यात ब्लॅक आडनावाच्या दोघा भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जात तयार केली. तिच्या रक्तात काळी जावा आहे, लँगशान आहे, आणि ब्रह्मपुत्रेचं नाव मिरवणारी पण चीनहून बोटीने आलेली ब्रह्माही आहे. टर्कीला पर्याय म्हणून हा पक्षी घडवला, तेव्हा अंगापिंडाचा विचार आधी झाला. पुरती वाढलेली मादी साडेचार किलो भरते. वर्षभराची झाल्यावर ती चालायला लागली की परसात कुणी शालू नेसून निघाल्यासारखं वाटे. 'ठमाबाई' हे नाव आईचंच. घरी येणारे मराठी पाहुणे मात्र तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत आणि "रस्सा कधी?" असं दबक्या आवाजात विचारून घेत. आई त्यांना चहाबरोबर बिस्किटंसुद्धा द्यायची नाही.

आमचं घर जर्सी सिटीच्या हाइट्स भागात, कड्यावर. इथल्या घरांना जागा ती केवढी, पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब. त्यातून घर वजा केल्यावर जे उरतं ते परस. या हडसन परगण्यात विसाव्या शतकात अनेक दशकं क्रोमियमचे कारखाने चालले आणि त्यांची मळी शहरात जागोजाग भराव म्हणून वापरली गेली. कोंबडी तर दिवसभर माती उकरून खाणार. म्हणून पिल्लं मागवण्याआधी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घेतली होती. कोंबडा ठेवला नाही. पहाटे चारला तो आरवला असता, तर आळीने आम्हालाच डालग्याखाली घातलं असतं.

पहिल्याच हिवाळ्यात आईची आणि माझी जुंपली. 2015 चा फेब्रुवारी न्यू यॉर्क परिसराच्या नोंदींतला फार थंड फेब्रुवारी. आईला ते खुराड्यातले जीव बघवेनात. एका संध्याकाळी तिने खुराड्यावर आपली गोधडी घातली आणि वर प्लॅस्टिकचा कागद बांधून छपराखालचा झरोका बुजवून टाकला. सकाळी दार उघडलं तर आतून भिंतींना पांढरं हिम धरलेलं. कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठेतली ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. शेजारचे इक्वेडोरचे आजोबा कुंपणापाशी उभे होते. त्यांनी आपलं नाक दाबून धरलं आणि मग दोन्ही हात हवेत पसरले. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला स्पॅनिश येत नव्हतं. पण तिने तिथल्या तिथे कागद फाडला आणि गोधडी घडी करून आत नेली.

कोंबडीला कोरडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. तिचं अंग आपल्यापेक्षा गरम, एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि पिसांच्या थरांत ती हवा कोंडून धरते. पाय उघडे खरे, पण पायांत उतरणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन जातं. रात्री ठमाबाई कशी बसते ते मी विजेरी धरून पाहिलं आहे. बसायची दांडी गोल नव्हती, चपटी फळी होती. तिच्यावर ती पंजे सपाट टेकी, पोटाची पिसं सोडून बोटं पार झाकून टाकी आणि मान पाठीच्या पिसांत खुपशी. एवढ्या मोठ्या बाईचा काळा गोळा होई. तिला उबदार दिवा लावावा असं मलाही वाटे, पण कोरड्या भुशाच्या खुराड्यात दिवा पडला की आग लागते. अशा आगी इथे दर हिवाळ्यात लागतात. आम्ही खाली रंध्याच्या ढलप्यांचा जाड थर घालत गेलो, एवढंच.

खरं काम पाण्याचं. पाणी गोठलं की कोंबडी खाणं सोडते आणि न खाणाऱ्या कोंबडीला ऊब येणार कुठून? 14 फेब्रुवारी 2016 ला पारा उणे अठरा सेल्सिअसवर गेला, न्यू यॉर्कमध्ये 1994 नंतर पहिल्यांदाच शून्य फॅरनहाइटच्या खाली. त्या दिवशी आई कोमट पाण्याची किटली घेऊन दर तासाला परसात. ठमाबाईचा तुरा उभा आणि कातरलेला, थंडीने धरायला सोयीचा. आईने त्याला व्हॅसलीन चोळलं. तरी दोन टोकं पांढुरकी पडली, मग काळी झाली आणि वसंतात गळून गेली. त्यानंतर तिचा चेहरा जरा बेरकी दिसायला लागला.

खाण्यात मात्र आईने कुणाचं ऐकलं नाही. दिवसभर दुकानातलं तयार खाद्य, सोबत शिंपल्यांचा चुरा. संध्याकाळी मूठभर मका, कारण रात्रभर ते दाणे पचत राहतात आणि अंगात ऊब राहते. इथवर इथल्या पुस्तकांचंही तेच म्हणणं. पण जानेवारीत न्यूअर्क अॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून बाजरी आली की वाटणी व्हायची. "बाजरी उष्ण असती," एवढं म्हणून आई ओंजळ रिकामी करी. भोगीच्या दिवशी तीळ लावलेल्या भाकरीचा पहिला तुकडा परसात जाई. ठमाबाई आधी तीळ वेचून खायची, भाकरी मागाहून.

अंडी हिवाळ्यात जवळपास बंदच. कोंबडीला त्यासाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात इथे सव्वानऊ तासांचा दिवस. शरदात पिसं झडून नवी येतात, त्यातही तिचा जीव खर्ची पडतो. विजेचा दिवा लावून अंडी काढता येतात; बरेच जण काढतात. आई म्हणाली, "बाळंतिणीलाबी सव्वा महिना देत्यात." दिवा लागला नाही. क्वचित एखादं तपकिरी अंडं मिळे, तेही उचलायला उशीर झाला तर गोठून तडकलेलं.

पाच हिवाळे तिने असे काढले. गेली ती जुलै 2019 मध्ये, उष्णतेच्या लाटेत. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते आणि एवढ्या जड शरीराला तेवढं पुरत नाही. आईने बर्फाचे खडे पाण्यात टाकले, पंखा लावला, ओल्या फडक्याने पाय पुसले. दुपारी ती सावलीतच कलंडली.

पुढच्या वसंतात नवी पिल्लं मागवायची म्हणून मी यादी उघडून बसलो. आई शेजारी येऊन बसली, बराच वेळ चित्रं बघत राहिली.

"पुन्हा काळीच घ्यायची?" मी विचारलं.

"काळी उन्हात तापती," ती म्हणाली. "आन् एवढी थोर नको. आपल्याकडची गिरिराज मिळतीय का बघ, नायतर एखादी बारकी, मळकट रंगाची."

मिळाली ती तांबडी, ऱ्होड आयलंड रेड. तिचं नाव अजून ठरलेलं नाही.