मंडईनंतरची जळजळ

आमगावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे, मटणाचा झणझणीत रस्सा आणि रात्रभर नाटक. सकाळी शटर वर करतो तोच गिऱ्हाईक उभं असतं, "भाऊ, छातीत आग होऊन राहिली जी, काही तरी द्या."

गुलाबी औषधाची बाटली मी आधी जोरात हलवून दाखवतो. तळाशी पांढरा साका बसलेला असतो आणि खरं औषध तोच. त्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल वर अन्ननलिकेत चढलं की जळजळ होते. जठराला आतून बुळबुळीत थराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, हे आपण शाळेत शिकलो. पोटात तेच घडतं. नुसत्या मॅग्नेशियमने जुलाब होतात, नुसत्या ॲल्युमिनियमने शौचाला कडक होते, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. सोबतचं सिमेथिकोन गॅसचे बुडबुडे फोडतं; आम्लाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

फेसाळणाऱ्या पुडीत खायच्या सोड्याचा क्षार आणि लिंबातलं आम्ल असतं. ढेकर येतो तो त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा. पण त्या सोड्यातून सोडियमही पोटात जातं, म्हणून बीपीवाल्यांना मी ती पुडी देत नाही.

ही औषधं काही मिनिटांत आराम देतात, पण उपाशीपोटी तो अर्धा-पाऊण तासच टिकतो. जेवणानंतर तासाभराने घेतली तर बराच जास्त वेळ टिकतो. पँटोप्राझोलचं काम वेगळं. ते आम्ल तयार होणंच कमी करतं, म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं आणि जळजळ सुरू झाल्यावर लगेच उपयोगी पडत नाही. गरोदर बायांना मी आवर्जून सांगतो, लोहाच्या गोळीत आणि गुलाबी औषधात निदान २ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

दर आठवड्याला बाटली न्यायला येणाऱ्याला मी ग्रामीण रुग्णालयात पाठवतो. महिनोन्‌महिने जळजळ दाबत बसणं मला पटत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, दम लागत असेल, तर गॅस समजून माझ्याकडे येऊ नका. आधी १०८ ला फोन करा.