मिक्सरवरची आस

मिक्सर म्हटले की मराठी घरात आधी खोबऱ्याची चटणी आठवते. इथे ज्याच्याविषयी लिहितो आहे तो मिक्सर डीजेच्या पुढ्यात असतो आणि दोन-चार ठिकाणांहून आलेले संगीत एकमेकांत मिसळतो. भाचा परदेशी गेला तेव्हा त्याचा पायोनियर डीजेएम-९०० नेक्सस वर्षभर माझ्या टेबलावर होता. २०११ साली बाजारात आलेले हे यंत्र. ख्याल ऐकण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचे काय? पण त्यातल्या अंगभूत ध्वनिपरिणामांनी, म्हणजे इफेक्ट्सनी, मला एका जुन्या प्रश्नापाशी आणून सोडले: ध्वनीवर केलेले संस्कार केव्हा अर्थ होतात आणि केव्हा नुसती सजावट?

या यंत्रात परिणामांचे दोन वर्ग आहेत. एक प्रत्येक वाहिनीच्या नॉबवरचा: फिल्टर, क्रश, नॉइज, डब एको. दुसरा लयीशी बांधलेला: डिले, एको, रिव्हर्ब, फ्लँजर वगैरे. यंत्र गाण्याची गती मोजते आणि प्रतिध्वनी त्या हिशेबात बसवते. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. अर्ध्या मात्रेचा एको २५०वर येतो, पाऊण मात्रेचा ३७५वर. हा पाऊण मात्रेचा एको ठेक्याला तिरका छेदत जातो आणि चौथ्या आवर्तनाला, मूळ आघातापासून बरोबर तीन मात्रांवर, पुन्हा ठेक्याला भेटतो. तबल्यातली आड ऐकलेल्या कानाला यातली गंमत सांगावी लागत नाही. आणखी एक सोय अशी, की फेडर खाली ओढून गाणे बंद केले तरी एकोची शेपटी मागे रेंगाळत राहते. गाणे गेलेले असते. त्याचे जाणे तेवढे ऐकू येते.

नॉइजचे तसे नाही. तिथे यंत्र स्वतःचा पांढरा गोंगाट गाण्यात ओतते. वरातीत मधूनच वाजणारा सायरनही त्याच जातीचा. गाणे कोणतेही असो, सायरन तोच. श्रोत्याला ढोसण्यापलीकडे त्याचा गाण्याशी संबंध नसतो. एको मात्र गाण्यातूनच जन्मतो. कोणत्या शब्दावर तो उघडायचा, हे ठरवताना वाजवणारा एका अर्थी समीक्षाच करत असतो.

ही समीक्षा आधी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये झाली. किंग टबी हा मूळचा विजेची उपकरणे दुरुस्त करणारा माणूस. १९७०च्या दशकात त्याने तयार गाण्यांचे ध्वनिपट्टे मिक्सरवर पुन्हा उघडले, गायकाचा आवाज काढून टाकला, आणि एखादाच शब्द प्रतिध्वनीत सोडून दिला. खाली ढोल आणि बास चालू, वर तो एकटा शब्द विरत जाणारा. 'डब' नावाचा सगळा प्रकार अशा वजाबाकीतून घडला. तेव्हा एको म्हणजे खरोखरची फीत असे. १९७४ सालच्या रोलंड आरई-२०१ या यंत्रात फितीचे वेटोळे फिरत राही आणि तीन वाचक शिरे तोच ध्वनी थोड्या थोड्या अंतराने परत ऐकवीत. आजच्या 'डब एको' बटणाच्या नावात ती सारी परंपरा बसली आहे.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे: आस. सतारीची तार छेडल्यावर मागे राहणारा नाद म्हणजे आस, आणि मनात मागे राहणारी ओढ म्हणजेही आसच. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराला अनुरणनाची उपमा दिली. घंटेचा टोल पडून गेल्यावर घुमणारा नाद, तसा वाच्यार्थानंतर उमटणारा दुसरा अर्थ. मिक्सरवरचा एको म्हणजे हेच अनुरणन, असे काही दिवस मला मनापासून वाटत होते.

मग मी वडिलांची कॅसेट काढली. तानपुऱ्यावर, तबल्याशिवाय म्हटलेले अभंग. कॅसेट डेक मिक्सरला जोडला. ठेका नसल्याने गतीचा आकडा एका जागी ठरेना, म्हणून एकोची वेळ हाताने लावली. या कॅसेटची एक बाजू मध्येच संपते. वडील 'पांडु' म्हणतात, 'रंग' यायच्या आत फीत सरते, खट् असा आवाज होतो. ते गेल्यानंतरच्या वर्षांत आम्ही भावंडांनी तो खट् किती वेळा ऐकला असेल! या अभंगांच्या डिजिटल प्रती करायच्या ठरल्या तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, शेवट जरा सावकाश नाही का करता येणार?"

येत होता. 'पांडु'वर एको उघडला, फेडर खाली घेतला, आणि तो आवाज एखाद्या गाभाऱ्यातून यावा तसा मंद होत गेला. ऐकायला फार सुरेख. तरीही बहिणीला मी खट् असलेलीच प्रत दिली. कारण ऐकता ऐकता एक फरक लक्षात आला होता. एको कितीही वेळा परतला तरी 'पांडु' एवढेच म्हणतो. 'रंग' त्याच्याजवळ नाही. जे उच्चारले गेले त्याच्या पलीकडे यंत्राला जाता येत नाही. आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेले अनुरणन उच्चारलेल्याची पुनरावृत्ती करत नाही. न उच्चारलेले ऐकवते. आणि ते कोणत्याही वाहिनीवर उमटत नाही, ऐकणाऱ्यात उमटते. त्यासाठी मागे थोडी शांतता मोकळी राहावी लागते. एकोची शेपटी नेमकी तीच जागा व्यापून टाकत होती.

बहिणीने प्रत ऐकली आणि बऱ्याच वेळाने फोन केला. खट् झाल्यावर 'रंग' आपण म्हणतो, हे तुझ्या लक्षात आले आहे का, असे तिने विचारले.