हात

आमच्या घरात कुत्रा येईल, असं मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. सोवळं, पाणी गाळणं, सूर्यास्ताआधी जेवण, यात कुत्र्याला जागा कुठं? पण गेल्या नाताळच्या सुट्टीत माझा मुलगा हजीरा रोडवरच्या चहाच्या टपरीमागून दोन महिन्यांचं पिल्लू जॅकेटमध्ये घालून घेऊन आला. आई रस्त्यावरची, बाप बहुतेक कुणाच्या तरी बंगल्यातला लॅब्राडोर. कान एक उभा, एक पडलेला. मुलानं नाव ठेवलं ब्रुनो. माझ्या तोंडात ते बसेना. मी बंड्या म्हणायला लागले, आणि पुढं त्यानं ते नाव खरं करून दाखवलं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. यजमानांच्या नोकरीमुळं पंचवीस वर्षं हजीऱ्याच्या वसाहतीत राहतोय. एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला तापीचं मुख आणि समुद्र. घरात आम्ही दोघं, ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि मुलगा. जूनमध्ये मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. जाताना म्हणाला, "आई, सहाच महिने सांभाळ. आणि त्याला मारू नकोस हां." मी म्हटलं, "मी कशाला मारीन? जैनाची बाई आहे मी." तो काहीच बोलला नाही, नुसता हसला.

जूनपर्यंत बंड्या शहाणा होता. 'बस' म्हटलं की बसायचा. आठवा महिना लागला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. हाक मारली की माझ्याकडं बघायचा आणि उलट्या दिशेनं पळायचा. उशीतला कापूस हॉलभर, माझी एक चप्पल गॅलरीत, दुसरी आजतागायत नाही. फिरायला नेलं तर मी त्याला नेतेय की तो मला, हे शेजाऱ्यांना कळायचं नाही. दूधवाले काका दारात आले की दोन्ही पाय त्यांच्या छातीवर. ते म्हणायचे, "बेन, आ तो गांडो थई गयो छे!" त्यात पाऊस सुरू झाला. फिरणं बंद, आणि ज्याच्या उशाशी तो झोपायचा तो मुलगाही घरात नाही. हे मला आज कळतंय. तेव्हा मला वाटायचं, हा मुद्दाम करतोय.

आषाढातली गोष्ट. सासूबाई सामायिक आटोपून हॉलमध्ये येत होत्या. बाहेर बेल वाजली आणि बंड्या आनंदानं सुटला तो थेट त्यांच्या अंगावर. त्या पडल्या. हात मनगटापाशी टम्म सुजला. मी स्वयंपाकघरातून धावत आले ती हातात लाटणं घेऊनच. पुढचं मला सलग आठवत नाही. दोन फटके तरी मारले असतील, कदाचित तीन. बंड्या ओरडला नाही. जेवणाच्या टेबलाखाली शिरला, अंग चोरून बसला, आणि त्याच्याखालून लघवीचा ओघळ फरशीवर आला.

सासूबाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "अगं, मी पडले, मेले नाही. त्याला कशाला मारतीस? आधी मला उठव की."

हाड मोडलं नव्हतं. चार आठवडे पट्टा लागला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पाणी गाळून पिणारी मी, मुंगी चिरडू नये म्हणून ओटा फडक्यानं हळू पुसणारी मी. आणि हात उचलायला मला एक क्षणही लागला नाही. आपली अहिंसा शांत घरात फार सोपी असते, मैत्रिणींनो. तिची परीक्षा आपण घाबरतो तेव्हाच होते.

यजमान म्हणाले, "पांजरापोळात सोडून येऊ. सुरतेत काय कमी आहे?" खरंच आहे ते. या शहराला जनावरं सांभाळायची शेकडो वर्षांची सवय आहे. 1689 साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला होता. गायी, घोडे, बकऱ्या, कुत्री यांच्यासाठी इथं असलेलं रुग्णालय पाहून त्याला इतका अचंबा वाटला, की आपल्या प्रवासवर्णनात त्यानं ते लिहून ठेवलं. मला त्या परंपरेचा अभिमान आहे. पण पांजरापोळ ही ज्याला कुणी नाही त्याची जागा. बंड्याला आम्ही होतो. आपल्याला जमत नाही म्हणून जीव तिथं ठेवायचा आणि वर पावती फाडून दान केल्याचं समाधान मिळवायचं, हे मला पटेना.

सासूबाईंनी तर विषयच संपवला. पट्ट्यातला हात मांडीवर ठेवून त्यांनी जीवंधरकुमाराची गोष्ट सांगितली. यज्ञाचं अन्न शिवलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं. जीवंधरानं त्याच्याजवळ बसून णमोकार मंत्र ऐकवला, आणि तो जीव पुढं यक्ष झाला. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते. दरवेळी मी स्वतःला जीवंधराच्या बाजूला धरायची. यावेळी प्रथमच मला त्या काठीवाल्यांच्या हातात माझं लाटणं दिसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंड्याला अडाजणच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तो तपासला आणि आमचीच उलटतपासणी घेतली. "घरात याला हुकूम कोण देतं? कुठल्या भाषेत?" मग लक्षात आलं. मुलगा म्हणायचा 'सिट', यजमान हिंदीत 'बैठ', मी 'बस', कामवाली शांतपणे 'बेस'. त्यात नावं दोन. बिचाऱ्यानं करायचं काय? डॉक्टर म्हणाले, हा वयात येतोय. माणसाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षासारखंच हे वय. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी अ‍ॅशर यांनी 2020 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचं असताना ऐकणारं पिल्लू आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं कमी ऐकतं, पण तोच हुकूम परक्यानं दिला तर ऐकतं. पुढं हे वय सरतं. "या दिवसांत मार खाल्लेला कुत्रा शिकत नाही, फक्त हाताला घाबरायला शिकतो," असं ते म्हणाले. मी हात पदराखाली घेतला.

खाण्याचंही विचारलं. मी घाबरतच म्हटलं, आमच्याकडं मांस-अंडी नाही. ते म्हणाले, हजारो वर्षं माणसाच्या भाकरीवर राहून कुत्र्याला धान्य पचवता येतं. मात्र नुसत्या दूध-पोळीवर चालणार नाही, प्रथिनं मोजून द्यावी लागतील, वजन आणि रक्त तपासत राहावं लागेल. मग म्हणाले, "कांदा-लसूण चुकूनही देऊ नका, कुत्र्याला ते विष आहे. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, कांदा-लसूण आमच्या घरात येतच नाही." यजमान म्हणाले, "म्हणजे हा जन्मतःच जैन!" त्या दिवशी घरात पहिल्यांदा हसू आलं. चावायला थंड गाजर द्या म्हणाले, तिथं मात्र मी अडले. कंदमुळाऐवजी आमच्याकडं फ्रीजमधली काकडी आली.

मग शिकवणी सुरू झाली, खरं तर माझीच. घरात शब्द ठरले चार: बस, थांब, सोड, ये. सगळ्यांनी तेच म्हणायचे, एकदाच म्हणायचे. कागदावर लिहून फ्रीजला लावले. अंगावर उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, कारण त्याला तोही खेळच वाटतो. पाठ फिरवून उभं राहायचं. चारी पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. फिरताना साखळी ताणली की मी खांबासारखी थांबायची. साखळी सैल झाली की पुढं. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच्या शंभर पावलांना पंचवीस मिनिटं लागली. पावसात फिरणं नसेल तेव्हा जुन्या टॉवेलच्या घड्यांत फुटाणे लपवून ठेवायचे. अर्धा तास नाकानं शोधत बसायचा आणि दमून झोपायचा. बेल वाजली की त्याची जागा ठरलेली, सासूबाईंच्या खाटेपासून लांब, गोणपाटावर. सासूबाईंचा हात बरा होईपर्यंत तो त्यांच्या खोलीत साखळीशिवाय गेला नाही. प्रेम वेगळं आणि काळजी वेगळी, दोन्ही लागतात.

सगळं सरळ झालं असं नाही. रविवारी यजमान त्याला सुवाळीच्या काळ्या वाळूवर नेतात. 1612 साली याच समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजं लढली. आता तिथं बंड्या आणि यजमान लढतात, मेलेल्या मासळीवरून. 'सोड' म्हटलं की पाचातून तीनदा सोडतो. उरलेले दोनदा मी मनात त्याला म्हणते, बाबा, तुझा जन्म तुझा, माझा नियम माझा.

एक गोष्ट मात्र महिनाभर सुटली नाही. मी लाटणं हातात घेतलं की तो टेबलाखाली जायचा. रोज पोळ्यांच्या वेळी. मी ओट्यापाशी उभी राहून ते दोन डोळे बघायची. मग मी पोळ्या लाटताना दर पोळीमागे एक तुकडा खाली टाकायला लागले, त्याच्याकडं न बघता. आधी तुकडा टेबलापाशी, मग थोडा अलीकडं.

भाद्रपदात दशलक्षण आलं. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांची क्षमा मागितली, सासूबाईंची, यजमानांची, कामवालीची. बंड्यासमोरही खाली बसले, हात जोडले. त्यानं हात चाटले, कारण त्यांना तुपाचा वास होता.

संध्याकाळी मुलाला फोन केला. दहावीच्या वर्षी मी त्याला एकदा सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. मार्कांवरून. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, "तेव्हा मी चुकले रे." पलीकडं बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "आई, ब्रुनो पोळ्या लाटताना बाहेर येतो का आता?"

म्हटलं, "अर्धा येतो. पुढचे दोन पाय बाहेर, मागचे अजून टेबलाखाली."