तबल्याचा परवाना

जळगावहून सुरतेच्या गाडीत बसले की अमळनेर, नंदुरबार मागे पडते आणि नवापूर येते. या स्थानकाची मौज अशी की, ते अर्धे महाराष्ट्रात आहे आणि अर्धे गुजरातेत. तिकिटाची खिडकी आपल्याकडे, तर स्टेशनमास्तर तिकडे! १ मे १९६० पूर्वी दोन्ही बाजू एकाच मुंबई राज्यात होत्या. एका बाकावर बसलेले नवरा-बायको आज दोन राज्यांत बसलेले असू शकतात.

पण या रेषेने आमच्या गाणाऱ्यांना कधी अडवले नाही. पोटासाठी सुरत-उधन्याला गेलेल्या खानदेशी माणसांपुढे आमची मंडळी रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात आणि सकाळच्या गाडीने घरी येतात. ढोलकी कुठल्या लाकडाची, असे कोणी विचारीत नाही.

ब्रिटनमधल्या वादकांचेही पूर्वी असेच चालले होते. सकाळी लंडन, रात्री पॅरिस! ३१ जानेवारी २०२० रोजी त्यांच्या देशाने युरोपीय संघ सोडला आणि २०२१ उजाडताच कागदांचा पाऊस सुरू झाला. १८० दिवसांत ९० दिवसच राहायचे, देशागणिक कामाच्या परवान्याचे नियम निराळे, मालमोटारीतून नेलेल्या वाद्यांची यादी जकातीसाठी वेगळी, आणि दोन-तीन मुक्काम झाले की ती मोटार घरी परत न्यायची. यावर सरकारने काय केले? परदेशी दौऱ्यांच्या अनुदानाची रक्कम वाढवली. दार लावून घ्यायचे आणि खिडकीतून खाऊ द्यायचा, असलाच हा प्रकार! उलट, २०२१ च्या नोव्हेंबरात स्पेनने अल्प मुदतीच्या दौऱ्यांवरची परवान्याची अट काढली, ती दोन्ही देशांतल्या कार्यक्रम करणाऱ्यांच्या संघटनांनी पाठपुरावा केला म्हणून. त्या एका सहीने किती अर्ज वाचले असतील!

आपल्याकडे मौलाना आझादांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. तिने कलावंतांना देशोदेशी पाठवले, हे उपकार मोठेच. परंतु तिच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याने काय करावे?

माझा एक जुना विद्यार्थी धुळ्याला पेटीच्या शिकवण्या करतो. हात फार गोड. गणेशोत्सवासाठी परदेशातल्या मराठी मंडळींनी त्याला बोलावले. तिकीट त्यांचे, मुक्कामही त्यांच्याच घरी. व्हिसासाठी बिचारा दोनदा मुंबईला खेटे घालून आला. नकाराच्या कागदावर लिहिले होते की, अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही, बँकेत शिल्लक पुरेशी नाही. आता लग्नसराई संपल्यावर पेटीवाल्याच्या पासबुकात शिल्लक कुठून असणार?

"सर, मला पैसे नको होते हो," तो म्हणाला, "कोणीतरी माझ्यासाठी शब्द टाकायला हवा होता."

तेवढा शब्द सरकारने टाकावा. जिल्ह्याच्या कचेरीतून वकिलातीला एक पत्र जावे: हा गृहस्थ पेटी वाजवतो, शिकवण्या घेतो, त्याचे बिऱ्हाड धुळ्याला आहे आणि दसऱ्याच्या आत तो परत येईल. हवे तर टपालखर्च त्याच्याकडून घ्यावा.