पूर्वेला मावळणारा सूर्य

बदलापुरात सूर्य पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. थट्टा नाही. मुंबईहून निघालेली लोकल उत्तरेकडे धावते तोवर डाव्या हाताला पश्चिम आणि उजव्या हाताला पूर्व. कल्याणनंतर कर्जतचा मार्ग आग्नेयेला वळतो, पण स्टेशनांवरच्या पाट्या काही वळत नाहीत. डावी बाजू 'पश्चिम' ती 'पश्चिम'च. त्यामुळे उल्हास नदीकडची, बारवी धरणाकडे जाणारी बाजू झाली बदलापूर पश्चिम, आणि जिच्या पाठीशी डोंगर उभे आहेत, जिथे रोजची संध्याकाळ होते, ती झाली बदलापूर पूर्व.

आमचा एजंट म्हणाला होता, "फ्लॅट ईस्टला आहे मॅडम, सकाळचं ऊन घरात." सासूबाईंना तेवढं पुरलं. लालबागच्या चाळीत त्या चाळीस वर्षं गॅलरीच्या टोकाला, समोरच्या गिरणीच्या भिंतीवरून सूर्य वर यायची वाट बघत तांब्या घेऊन उभ्या राहिल्या होत्या. इथे पहिल्या उघडिपीच्या दिवशी त्या खिडकीशी गेल्या, अर्धा तास थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगं, हा कुठे राहिला?" तो आमच्या पाठीमागे, जिन्याच्या जाळीतून वर येत होता. खिडकीसमोर होता तो डोंगर. तेव्हापासून आई अर्घ्य जिन्यात देतात.

ही जून २०१८ची गोष्ट. लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली होती. इमारत उभी राहीपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देणार, त्यात तुम्ही हवं तिथे राहा, अशी बोली. परळ-लालबागेत त्या पैशात एक खोलीही धड मिळेना. डोंबिवलीत बघितलं, अंबरनाथला बघितलं, आणि मुलाच्या क्लासची फी सुटेल असा हिशोब जमला तो सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. वन बीएचके, तिसरा मजला, भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट चाळीस, दलाली एक महिन्याची. त्या साडेसहातले पाचशे डोंगराचे होते. एजंट खिडकी उघडून बाजूला झाला आणि नाटकाचा पडदा उघडावा तसं म्हणाला, "डोंगर व्ह्यू." त्याच मजल्यावरचा रस्त्याकडचा फ्लॅट सहा हजारांना होता.

कराराच्या दिवशी एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. फोटो, आधार, अंगठा, संपलं. मुद्रांक शुल्क, नोंदणीचे हजार रुपये, पोलिसांकडे द्यायचा फॉर्म, सोसायटीची एनओसी. आईंना कागद वाचायची सवय, त्यांनी चष्मा लावून सगळा मसुदा वाचला आणि विचारलं, "ह्यात आपल्याला भाडेकरू कुठेच म्हटलेलं नाही?" खरंच नव्हतं. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणारा भाडेकरू नसतो, त्याला फक्त राहायची परवानगी असते. आईंच्या दृष्टीने ही घसरण होती. चाळीतली खोली पागडीची. सासऱ्यांच्या वडिलांपासून महिन्याला काही रुपये भरून आम्ही तिथे भाडेकरू होतो, आणि त्या शब्दात केवढा रुबाब होता! भाडेकरू म्हणजे ज्याला मालकही हलवू शकत नाही तो. इथे अकरा महिन्यांची परवानगी. भिंतीला खिळा ठोकायचा तर डोंबिवलीला मालकीणकाकूंना फोन. काकू स्वभावाने फार चांगल्या, पण खिळ्याला ठाम नाही म्हणायच्या. सासऱ्यांचा फोटो साडेचार वर्षं फ्रिजवर टेकून उभा आहे.

सोसायटीत आमची जागा लवकरच कळली. पार्किंग नाही, सभेला बोलावणं नाही. सेक्रेटरींनी 'बिनभोगवटा शुल्क' असं भारदस्त नाव घेऊन माझ्याकडे पैसे मागितले, तेव्हा मी ऑफिसात विचारून आले. ते शुल्क मालकाने द्यायचं असतं आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे मी शांतपणे सांगितल्यावर ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. गणपतीच्या वर्गणीत मात्र मालक आणि परवानगीवाले असा भेद कुणी केला नाही.

पाचशे रुपयांचा डोंगर कसा असतो ते जुलैत समजलं. खिडकी नैऋत्येला, म्हणजे पाऊस येतो त्याच तोंडाला. आधी समोरच्या तावली डोंगराचा माथा जातो, मग मधली सोंड, मग पायथ्याची झाडं, आणि आपण 'किती सुंदर' म्हणेपर्यंत झड थेट गादीवर. पहिल्या पावसाळ्यात बेडरूमची भिंत अंगठा दाबला तर ओला होईल इतकी फुगली. चपलांना, पट्ट्याला, नवऱ्याच्या ऑफिसबॅगेला हिरवी-पांढरी बुरशी. हिंगाच्या डबीतही ओल. कपडे पंख्याखाली वाळत घालायचे आणि तरी कुबट वास घेऊन लोकलमध्ये उभं राहायचं. काकू म्हणाल्या, बाहेरची भिंत सोसायटीची. सेक्रेटरी म्हणाले, आतला रंग मालकाचा. शेवटी आम्ही खिडकीबाहेर निळी ताडपत्री बांधली. पुढचे तीन महिने आमचा डोंगर व्ह्यू निळा होता.

ऑक्टोबरात ताडपत्री सोडली तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. डावीकडे लांब चंदेरीचा सुळका, त्याच्याजवळ नवरा-नवरी म्हणतात ते खडक, मग माथेरानच्या दिशेने गेलेली रांग, समोर तावली. लालबागेत सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे समोरच्या चाळीतला टीव्ही. माझ्या डोळ्यांना लांब बघायची सवयच नव्हती. सुरुवातीला दोन मिनिटं डोंगराकडे बघितलं की मी आपोआप नजर खाली आणून रस्त्यावर कोण चाललंय ते बघायची. आई तर वर्षभर म्हणत होत्या, "तिकडे काय बघायचं, कोण हलत नाही तिथे."

हलतं. फक्त सावकाश. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळतं आणि रात्री वणवा लागतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं कुणीतरी डोंगरावर दिव्यांची माळ लावली आहे. मग माळ वाकडी झाली, तुटली, पुढे सरकली. सकाळी गॅलरीत काळी राख. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो. खाऱ्या वाऱ्याची झुळूक इथे पोचेपर्यंत तिच्यात काही उरत नाही, आणि दिवसभर तापलेला कातळ रात्री आपल्याकडे तोंड करून श्वास सोडतो. लालबागेत घाम यायचा, इथे घामही सुकतो. त्याच डोंगराच्या कृपेने डिसेंबरात मुंबईकर पंखा लावून झोपतात तेव्हा आम्ही गोधड्या शोधतो.

एकदा तळमजल्यावर मीटरच्या खोक्यामागे धामण निघाली. चाळीत नुसता उंदीर निघाला तरी वीस माणसं काठ्या घेऊन जमायची. इथे एका बाईने शांतपणे सर्पमित्राला फोन केला आणि परत भाजी निवडायला बसली. मला त्या शांतपणाचाच जास्त धक्का बसला.

ह्या डोंगराची खरी ओळख मला स्टेशनजवळच्या मावशींनी करून दिली. पायथ्याच्या ठाकूरवाडीतून पहाटे पाटी घेऊन उतरायच्या आणि तिकीट खिडकीच्या भिंतीला टेकून बसायच्या. पावसाच्या तोंडाशी त्यांच्याकडे शेवळं आली. तपकिरी-जांभळट, कणसासारख्या उभ्या दांड्या. आईंना माहेरची आठवण झाली म्हणून मी दोन जुड्या घेतल्या. मावशींनी वर मूठभर हिरवी, छोट्या आवळ्याएवढी फळं टाकली. मला वाटलं वरकड, कढीपत्त्यासारखं फुकट. घरी आल्यावर ती ओट्यावर बाजूला काढली आणि डाळ घालून शेवळं शिजवली. आई त्या दिवशी नणंदेकडे होत्या, नाहीतर हे घडलं नसतं. पहिल्याच घासाला घशात सुया टोचल्यासारखं झालं. मुलगा ओरडला, नवरा चिंच चोखत बसला. मी गुळाचे खडे वाटत फिरले.

दुसऱ्या दिवशी मावशींना जाब विचारला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "काकडं घातलीस?"

"ती फळं? ती ठेवली बाजूला."

"अगं बाय," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ती कशाला दिली मग तुला? खेळायला?"

शेवळात खाज असते आणि काकडाच्या आंबट रसाने ती मरते. दोन्ही एकाच डोंगरावर, एकाच वेळी तयार होतात. त्यानंतर मावशींनी मला विद्यार्थिनी म्हणून पत्करलं. टाकळा फुलायच्या आत खायचा, भारंगी पिळून कडू पाणी काढायचं, कुरडू कोवळा बघून घ्यायचा, करटोली महाग असली तरी आषाढातली सोडायची नाहीत. मे-जूनमध्ये पानांच्या द्रोणात जांभळं, करंट्या गिऱ्हाइकाला ती पिशवीत. डोंगराला त्या डोंगर म्हणत नसत. "वरती" म्हणायच्या. "वरती पाऊस झालाय रातच्याला, आज लवकर घरी ये."

२६ जुलै २०१९ला, शुक्रवारी, त्यांनी असंच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, महिनाअखेरीचं काम होतं. रात्री उशिरा कशीबशी घरी पोचले. आमच्या बाजूला पाणी नव्हतं, पण डोंगराकडून येणारा आवाज वेगळा होता, गाडी पुलावरून जाते आणि संपतच नाही तसा. सकाळी गाड्या बंद. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीपासून पाण्यात उभी होती, हजारावर प्रवासी आत. गच्चीवर जाऊन आम्ही हेलिकॉप्टरचा आवाज येतो का ते ऐकत होतो. दुपारपर्यंत बोटींनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं.

माझ्या लोकलच्या ग्रुपमधली एक मैत्रीण पश्चिमेला हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहते. स्वतःचं घर, कर्ज फेडून झालेलं. ती आम्हाला नेहमी चिडवायची, कशाला त्या डोंगराला पैसे देता, आमच्याकडे नदीचा वारा फुकट. शनिवारी संध्याकाळी, पाणी उतरायला लागल्यावर ती नवरा, दोन मुली आणि एक सुटकेस घेऊन आमच्याकडे आली. चिखल तिच्या कोपरापर्यंत. चहा घेताना खिडकीसमोर बसली होती. ढग जरा वर गेले होते आणि तावलीवरून पांढरे धबधबे दिसत होते, मी मोजले नव्हते इतके. एरवी आम्ही त्यांचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचो. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे सगळं खाली आमच्याकडे येतं ना?" मी उठून पोहे करायला गेले. दुसरं काय करणार होते? कर्जतवरून येणाऱ्या नदीला ह्या रांगांमधले ओढे-नाले मिळतात, हे शाळेत शिकले होते. पण तिच्यासमोर ते बोलवेना. नऊ दिवस ती माणसं आमच्याकडे राहिली. एनओसी न घेता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास बिल्डरचं भाडं यायचं थांबलं. एक महिना, दोन महिने, मग 'लवकरच'. लालबागचे जुने शेजारी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज भांडायचे. कुणी विरारला, कुणी दिव्याला, कुणी गावाला. भाडं मध्ये सुरू झालं, परत थांबलं. पायलिंग झालंय म्हणे. आई आता त्याबद्दल विचारत नाहीत. पूर्वी फोनवर सांगायच्या, "सध्या आम्ही बदलापूरला असतो." त्यातला 'सध्या' कधी गळला ते मला कळलं नाही.

अकरा महिन्यांच्या कराराची एक गंमत आहे. तो दरवर्षी एक महिना मागे सरकतो. पहिला जूनमध्ये झाला, ओल्या छत्र्या दारात ठेवून. दुसरा मेमध्ये. तिसरा एप्रिल २०२०चा, तेव्हा टाळेबंदी. काकू फोनवर म्हणाल्या, "राहा गं, कागदाचं नंतर बघू," आणि त्या वर्षी भाडंही वाढवलं नाही. मग मार्च, मग फेब्रुवारी. एरवी दर वेळी पाच टक्के वाढ. डोंगराचे पाचशे त्यात विरघळून गेले, आता वेगळे काढता येणार नाहीत.

सहावा करार जानेवारी २०२३मध्ये झाला. कराराचा मुलगा नवा होता, मशीनही नवं. नवऱ्याचा अंगठा लागला. माझा लागेना. ह्या दिवसांत डोंगराकडून कोरडा वारा सुटतो, ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि त्यात भांड्यांचा साबण. पुसून झालं, फुंकून झालं, डावा झाला, उजवा झाला. मशीन दर वेळी लाल.

"ठसा घासलाय काकू तुमचा," तो म्हणाला. "खोबरेल आहे का घरात?"

आईंनी बाटली आणली. थंडीने तेल गोठलं होतं. त्यांनी ती उन्हात ठेवायला म्हणून खिडकी उघडली, मग सकाळचे नऊ वाजलेत हे लक्षात आलं, आणि बाटली घेऊन जिन्यात गेल्या.